पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं: लेकाला घेऊन जर्मनीला जायचंय

कारेलीबागकर
नमस्कार मंडळी. शीर्षकात बरंचसं आलंय, तरी जरा विस्ताराने लिहिते. माझा पासपोर्ट लग्नाआधीचा: माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. मुदत अजून भरपूर आहे. लग्नानंतर आधार, पॅन, बँक सगळीकडे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव लागलं. (पहिलं नाव तेवढं शाबूत राहिलं. सासूबाईंनी तांदळाचं ताट पुढे केलं तेव्हा मी अंगठीने आधीचंच नाव पुन्हा गिरवलं.)

धाकटी बहीण जर्मनीत आहे. मेच्या सुट्टीत मी आणि आमचे चिरंजीव, यंदा दुसरीत, दोघंच जाणार. नवऱ्याला रजा नाही. मुलाच्या पासपोर्टवर आईचं नाव सासरचं आहे. म्हणजे दोन पासपोर्ट शेजारी ठेवले तर मी त्याची कोणीच लागत नाही! घरात दोन पक्ष पडलेत. सासरे म्हणतात, बदलून टाक एकदाचं. आई म्हणते, चाललंय ते चालू दे, हात लावू नकोस. तिकिटं काढलेली नाहीत. वडोदऱ्याहून निघणार. अनुभवी लोकांनी सांगा.

तर्री_जास्त
पहिला! सेवउसळ खाऊन येतो आणि मग वाचत बसतो. माहेर विरुद्ध सासर असा धागा शंभरी गाठल्याशिवाय राहत नाही.

फिरस्ती
आईचं ऐका. निदान तिकिटापुरतं तरी.

माझी मावसबहीण नवऱ्याच्या कंपनीतर्फे सिंगापूरला निघाली होती. कंपनीच्या प्रवास विभागाने 'मिसेस अमुक' म्हणून सासरच्या आडनावाने तिकीट काढलं, पासपोर्ट माहेरच्या आडनावाचा. मुंबईला काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट उघडला, पडद्याकडे पाहिलं, परत पासपोर्टकडे पाहिलं आणि बाजूला उभं राहायला सांगितलं. हिने पर्समधून लग्नाचा दाखला काढला, आधार काढलं, मोबाइलमधला लग्नाचा फोटोसुद्धा दाखवला. मुलगी बिचारी नम्रपणे म्हणाली, मॅडम, तुमचं लग्न झालंय यावर माझा विश्वास आहे, पण हे तिकीट तुमचं नाही. त्या विमानात नवरा एकटा गेला. ही त्याच रात्री नवं तिकीट काढून मागून गेली. किंमत विचारू नका.

शून्य_मैल
इतकं घाबरवू नका हो. आमच्या सौ. असंच नाव वेगळं असताना जाऊन आल्या, लग्नाचा दाखला दाखवला आणि सोडलं. माणूस बघून ठरवतात.

फिरस्ती
@शून्य_मैल, माणूस बघून ठरवतात, याचीच तर धास्ती.

दांडियाबझार
मी तिकीट-व्हिसाचंच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

शून्य_मैल यांच्या सौ. गेल्या असतील, नाही म्हणत नाही. पण त्यावर विसंबू नका. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या, मधे मधे < अशा खुणांची नक्षी. पहिल्या ओळीत आडनाव, मग दोन खुणा, मग नाव. विमानतळावरचं यंत्र ते वाचतं आणि प्रवाशांची माहिती विमान कंपनीकडून पुढच्या देशाला जाते. तुमचा लग्नाचा दाखला त्या यंत्राला वाचता येत नाही. तेव्हा तिकीट पासपोर्टप्रमाणे. प्रवासविमा पासपोर्टप्रमाणे. बहीण जे निमंत्रणपत्र पाठवेल तेही पासपोर्टप्रमाणे. तिने जर तिकडच्या कचेरीत जाऊन खर्चाची हमी दिली, तर त्या कागदावरही तेच नाव यायला हवं. बहिणीला आत्ताच फोन करून सांगा. बहिणी प्रेमाने सासरचं नाव घालतात.

तिकिटावर नाव आणि वडिलांचं नाव एकमेकांना चिकटून येईल, शेवटी 'एमआरएस'ही चिकटेल आणि काहीतरी अगम्य शब्द तयार होईल. त्याने घाबरू नका, ती संगणकाची पद्धत आहे.

वडोदऱ्याहून निघणाऱ्यांसाठी खास: हरणीच्या विमानतळावर दारातला जवान तिकीट आणि ओळखपत्र जुळवून बघतो. आपल्याला सवय आधार पुढे करायची. तुमच्या आधारवर सासरचं नाव, तिकिटावर माहेरचं. तिथेच अडकाल. पहिल्या दारापासून पासपोर्टच दाखवायचा, आधार पिशवीच्या तळाशी.

अबोली
'एमआरएस' चिकटण्यावरून: माझ्या बोर्डिंग पासवर मी इतकी वर्षं 'मेधाएमआरएस' आहे. टोपणनाव म्हणून वाईट नाही.

तर्री_जास्त
परत आलो. दोन प्लेट झाल्या. @दांडियाबझार, काका, धाग्यावर येऊन फुकट सल्ला देताय, धंदा कसा चालणार?

दांडियाबझार
तुम्ही तिकीट चुकीच्या नावाने काढलंत की माझ्याकडेच येणार. काळजी नसावी.

चिकू
पण मुळात बाईने नाव बदलायचंच का? पासपोर्टसाठी ते सक्तीचं कधीच नव्हतं. २०१७ च्या एप्रिलमध्ये तर पंतप्रधानांनीही जाहीरपणे सांगितलं की लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायची महिलांना गरज नाही. तरी घरोघरी हनिमूनच्या आधी 'नाव लावून घे' सुरूच असतं. आणि उलटं करून बघा. केंद्राच्या राजपत्रात माहेरचं नाव परत लावून घ्यायला घटस्फोटाचा हुकूम नाहीतर नवऱ्याचं ना-हरकत पत्र मागतात. याविरुद्ध २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका गेली. सासरी जाताना दार सताड उघडं, परतताना नवऱ्याची चिठ्ठी.

शून्य_मैल
आला, समाजसुधारणेचा प्रतिसाद आला. ताईंनी व्हिसाचं विचारलंय.

चिकू
व्हिसाचा घोळ मुळात ज्यामुळे झालाय तेच सांगतेय. तुमचं आडनाव शेवटचं कधी बदललं?

शून्य_मैल
माघार.

मांडवी_दरवाजा
नाव बदलण्यावरून थोडं अवांतर. वडोदऱ्यात राहून हे आठवलं नाही तर आपण कसले बडोदेकर!

आपल्या राजघराण्यात तिघांची नावं बदललेली. सयाजीराव महाराज मूळचे कवळाण्याचे गोपाळराव, १८७५ मध्ये दत्तक आले आणि सयाजीराव झाले. १८८० मध्ये तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं, त्या इथे चिमणाबाई झाल्या. त्या १८८५ मध्ये वारल्या. पुढे देवासच्या घाटग्यांची मुलगी आली, माहेरच्या गजराबाई, त्यांनाही नाव दिलं चिमणाबाई! रावपुऱ्यातला १८९६ चा चिमणाबाई टॉवर पहिल्यांच्या स्मरणार्थ. युरोप-अमेरिका हिंडल्या त्या दुसऱ्या, आणि १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या त्याही दुसऱ्याच. आमच्या सोसायटीत अजून निम्म्या लोकांना वाटतं की दोन्ही एकच.

तर्री_जास्त
म्हणजे महाराजांच्या पासपोर्टवर 'पत्नीचे नाव: चिमणाबाई' एकदा लिहिलं की काम झालं. दुसऱ्या लग्नानंतर नवा पासपोर्ट काढायला नको. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. (हलकेच घ्या.)

चिकू
हसले, पण चिडूनच हसले.

अबोली
पहिलं नाव बदलण्यावरून माझ्या आत्येसासूबाईंचं लिहिते. माहेरच्या कुसुम, लग्नात वसुधा झाल्या. घरात, गल्लीत, रेशनकार्डावर, देवळाच्या पावतीवर सगळीकडे वसुधा. पासपोर्ट काढताना जन्माचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला लागला, त्यावर कुसुम. वय झालेलं, दुसरा कुठलाच कागद नव्हता, मग पासपोर्ट कुसुम नावाने निघाला.

अमेरिकेला मुलाकडे निघाल्या. व्हीलचेअर सांगितली होती. मुंबईच्या विमानतळावर एक पोरगा नावाची पाटी घेऊन त्यांच्यासमोर येरझाऱ्या घालतोय, 'कुसुमबेन, कुसुमबेन' म्हणून हाका मारतोय, आणि ह्या खुर्चीत ताठ बसून त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघताहेत. आम्ही काचेबाहेरून हातवारे करतोय. शेवटी त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा उठून उभ्याच राहिल्या. नंतर फोनवर म्हणाल्या, "अगं, त्या नावाने मला शेवटची हाक आमच्या अण्णांनी मारली होती."

तिकडे पोचल्यावरही मुलाच्या घरी डॉक्टर, औषधं सगळं कुसुम. सुनेला सवय व्हायला महिना लागला. आत्याबाईंना मात्र आवडायला लागलं होतं असा माझा संशय आहे.

फिरस्ती
@अबोली, हे वाचून कामाला सुट्टी द्यावीशी वाटली.

मांजलपूरचा_मुलगा
आपल्याकडे अजून एक पीडा आहे, ती पुण्या-मुंबईच्या लोकांना कळत नाही. गुजरातच्या दाखल्यावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. त्यात कारकून गुजराती असला तर आईच्या नावाला 'बेन' जोडतो, आणि घरचे हौशी असले तर वडिलांच्या नावाला 'राव'. माझ्या वडिलांचं नाव एका कागदावर वसंत, एकावर वसंतराव, मतदार यादीत वसंतभाई. तीन वडील! पासपोर्टच्या खिडकीत बाईंनी विचारलं, यातले खरे कोण? मी म्हटलं, मॅडम, तिघंही घरी एकाच ताटात जेवतात.

दांडियाबझार
@मांजलपूरचा_मुलगा, याला मी 'राव-भाई-बेन प्रकरण' म्हणतो. अर्ज भरताना फक्त मूळ नाव लिहायचं. आणि आडनावाची चौकट रिकामी सोडून सगळं नाव एकाच ओळीत तर कधीच नाही. जुन्या लोकांचे असे पासपोर्ट आहेत. अमेरिकेच्या व्हिसावर अशांचं सगळं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. दुबईकडे तर २०२२ च्या नोव्हेंबरपासून एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसाने येऊ देत नाहीत. वडिलांचं किंवा घराण्याचं नाव दुसऱ्या पानावर असेल तर चालतं.

तर्री_जास्त
'मिस्टर अज्ञात पटेल' असं कोणी भेटलं तर आता दचकणार नाही.

कारेलीबागकर
अरे वा, चिमणाबाईंपर्यंत पोचलात! सगळं वाचलं, सासऱ्यांनाही वाचून दाखवलं. तिकिटाचं पटलं. बहिणीला फोन केला, तिने खरंच सासरच्या नावाने पत्र टाईप करून ठेवलं होतं. थांबवलं.

पण माझे दोन प्रश्न राहिलेच. एक, बँकेचे कागद सासरच्या नावाने, ते व्हिसाला चालतील का? दोन, आणि खरा प्रश्न: मुलाच्या पासपोर्टवर आईचं नाव जुळत नाही, आणि मी त्याला एकटीच घेऊन जातेय.

शून्य_मैल
मुलाला विचारतील, ही कोण? तो म्हणेल, आई. संपलं.

अबोली
@शून्य_मैल, सातवर्षाचं पोर आहे. आईने विमानतळावर चॉकलेट नाकारलं असेल तर म्हणेल, ओळखत नाही.

चिकू
😂 हे मात्र खरं.

दांडियाबझार
आता नीट लिहितो. कारेलीबागकर, तुमच्या सासऱ्यांचं आणि आईंचं, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे.

लग्नाच्या दाखल्याबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. दाखल्यात काय असतं? अमुक यांची मुलगी तमुक हिचं, अमक्याशी, या तारखेला लग्न झालं. त्यानंतर तिचं नाव काय झालं हे त्यात कुठेच नसतं. ते तुम्ही आधारवर, पॅनवर लावून घेतलेलं. म्हणजे पासपोर्ट आणि दाखला जुळतात, आधार आणि पॅन आपसात जुळतात, पण या दोन जोड्यांना बांधणारा कागदच नाही. तो आपण तयार करायचा: 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र, नोटरीसमोर, इंग्रजीत. बँकेच्या कागदांना ते आणि दाखल्याची प्रत जोडा आणि अर्जासोबतच्या पत्रात दोन ओळीत खुलासा करा. लपवालपवी मात्र अजिबात नको. शेंगेनच्या, म्हणजे जर्मनी धरून युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाच्या, अर्जात दुसराच रकाना जन्माच्या आडनावाचा आहे, अमेरिकेच्या अर्जात तर आजवर दुसरं कुठलं नाव वापरलंय का असं सरळ विचारतात. त्यांना नावं बदलणाऱ्या बायका नव्या नाहीत. तुमचा दाखला जुना आणि नुसता गुजरातीत असेल तर भाषांतर करून घ्या. लग्नाची नोंदच केली नसेल तर आधी वॉर्ड ऑफिसात जा, गुजरातचा विवाह नोंदणीचा कायदा २००६ चा आहे, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही नोंदणी सगळ्यांना सक्तीची केली.

परकीय चलनाचं कार्ड घेताना पॅन सासरचं, पासपोर्ट माहेरचा म्हणून बँक किंवा मनी चेंजर कुरकुर करेल. तिथेही हेच दोन कागद. शेवटच्या दिवशी जाऊ नका.

मुलाचं: जन्मदाखला, वडिलांचं नोटरी केलेलं संमतिपत्र, त्यात तुमची दोन्ही नावं आणि पासपोर्ट क्रमांक, वडिलांच्या पासपोर्टची प्रत. मुलाच्या अर्जाला हे असंही लागतंच, नावं जुळत असली तरी. मूळ कागद हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. विचारतील ते तिकडच्या इमिग्रेशनला, आणि मोठी बॅग तेव्हा पट्ट्यावर फिरत असते.

आता पासपोर्ट बदलावा का? एक मधला रस्ता आहे जो कोणी सांगत नाही. नाव तेच ठेवून फक्त नवऱ्याचं नाव घालून घ्यायचं. शेवटच्या पानावर आई-वडिलांच्या खाली जोडीदाराची ओळ असते, तुमची रिकामी असणार. ती भरली की तुमचा जोडीदार आणि मुलाचे वडील एकच, हे दोन पासपोर्टवरूनच दिसतं. नाव बदललं नाही तरी यासाठी पासपोर्ट नव्याने काढावा लागतो, ३६ पानी पुस्तिकेचे १५०० रुपये. पण क्रमांक नवा येतो, म्हणून हे करायचं तर व्हिसाच्या आधी. व्हिसा झाल्यावर पासपोर्टला हात लावायचा नाही, सासरे कितीही म्हणाले तरी.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस. तुम्हाला ९० युरो, मुलाला ४५, वर सेवाशुल्क. विमा किमान ३०,००० युरोंचा. अहमदाबादच्या व्हिसा केंद्रातल्या भेटीच्या वेळा उन्हाळ्यात पटापट भरतात.

फिरस्ती
या प्रतिसादाची प्रिंट काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली पाहिजे.

चिकू
+१. मधला रस्ता आवडला. नाव आपलं, ओळ नवऱ्याची.

मांजलपूरचा_मुलगा
काका, ज्यांनी पासपोर्ट सासरच्या नावाचा करून घेतलाय आणि अमेरिकेचा १० वर्षांचा व्हिसा जुन्या पासपोर्टवर माहेरच्या नावाने आहे, त्यांचं काय? बहिणीसाठी विचारतोय.

दांडियाबझार
नुसता पासपोर्ट संपला असता तर जुना-नवा दोन्ही घेऊन जाता येतं, व्हिसा चालतो. नाव बदललं असेल तर नवा व्हिसा घ्यावा असं त्यांचंच सांगणं आहे. बहिणीला वेळ हाताशी ठेवून अर्ज करायला सांगा.

कारेलीबागकर
दांडियाबझार काका, मनापासून आभार. ठरलं. नाव तसंच ठेवतेय, नवऱ्याची ओळ घालून घेतेय, व्हिसा त्यानंतर. सासरे म्हणाले, "म्हणजे माझ्या मुलाचं नाव आलं ना? मग झालं." आई म्हणाली, "म्हणजे आपलं आडनाव राहिलं ना? मग झालं." नवऱ्याला काही विचारलं नव्हतं, त्याने संमतिपत्रावर सही कुठे करायची एवढंच विचारलं.

तर्री_जास्त
धागा शंभरी न गाठताच सुटला. निषेध.

शून्य_मैल
सुटला कुठे? माझा प्रश्न राहिला. आमच्या आईचा पासपोर्ट काढायचाय. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून, आधारवर १ जानेवारी, आणि ती स्वतः म्हणते नागपंचमी.

दांडियाबझार
त्याचा वेगळा धागा काढा. चहा पिऊन येतो.